माती खाते का?

ठमी डॉक्टरांसमोर उभी राहिली तेव्हा मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून रजिस्टर लिहीत होते. हे आधीच सांगते, कारण त्या दिवशी मी मान खाली घातली होती.

मी मुरबाड तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स आहे. वैशाखऱ्याच्या वर, माळशेजच्या रस्त्यावरून आत वळलं की बोरीची वाडी लागते. साठ उंबऱ्यांची ठाकर वस्ती. तिथली आशा सेविका म्हणजे ठमी. गेल्या सप्टेंबरात वाडीच्या शाळेत शहरातल्या एका संस्थेनं आरोग्य शिबिर लावलं. ते का लागलं, तर एका व्हिडिओमुळे. श्रावणात धबधबे बघायला आलेल्या कुणीतरी वाडीच्या वाटेवर एका बाईचं चित्रण केलं. वाटेच्या कडेला डोंगर कापलेला आहे. त्या कापात दोन काळ्या दगडांच्या मधे हातभर जाडीचा लाल पट्टा दिसतो. बायका त्याला लाल कड म्हणतात. ती बाई बोटानं कडेची माती खरवडत होती आणि तोंडात टाकत होती. बस, एवढंच. 'माती खाणारी वाडी' या नावानं ते सगळ्यांच्या मोबाइलवर फिरलं.

शिबिरातले डॉक्टर तरुण होते, माणूस म्हणून वाईट नव्हते. पण रांग मोठी होती आणि त्यांना घाई होती. रंजिता तपासायला आली. वीस वर्षांची, पहिलटकरीण, तिसरा महिना. तिच्या पदराला गाठ होती. काय आहे म्हणून विचारलं तर तिनं पदर मागं ओढला. संस्थेच्या मुलीनं हसत हसत गाठ सोडली, तर आत सुपारीएवढा लाल खडा.

डॉक्टरांनी तो खडा सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "हे बघा. पोटात बाळ आणि तोंडात माती! कितीही सांगा, अडाणी ते अडाणीच."

लोक हसले. मागं कुणीतरी मोबाइल वर केला. रंजितानं पदर तोंडावर ओढून घेतला. मी रजिस्टरमध्ये बघत राहिले.

ठमी रांगेतल्या बायकांना नंबर लावून देत होती. ती पुढं आली आणि डॉक्टरांच्या हातातून तो खडा काढून घेतला.

"डॉक्टर, इचं रगत किती भरलं?"

"काय?"

"रगत. किती? तपासलंच नाय ना अजून? आधी हसून घेतलंत." मग ती लोकांकडे वळली. "मी पण खायची. तिन्ही पोरांच्या वेळेला, याच कडेची. मी सातवी पास हाय, सरकारची आशा हाय, आन मी माती खायची. आता हसा मना."

कुणी हसलं नाही. मोबाइल खाली गेला. मी रंजिताच्या बोटाला सुई टोचली, थेंब यंत्रात घातला. हिमोग्लोबिन सहा पॉइंट आठ. गरोदर बाईला अकरा तरी हवं.

"लिवा, बाई," ठमी मला म्हणाली. "आन त्याच्या बाजूला लिवा, माती खाते. लाजू नका."

रजिस्टरमध्ये त्याला रकानाच नव्हता. मी समासात लिहिलं.

ठमीचं माहेर शहापूरकडचं, कसाऱ्याच्या घाटाखालच्या एका वाडीतलं. आश्रमशाळेत सातवी झाली, मग लग्न होऊन इकडे आली. नवरा अनंता गवंडीकाम करतो. खाली ओढ्याकाठी भाताची दोन खाचरं आणि वर उतारावर लाल, मुरमाड वरकस जमीन. रेशनचा तांदूळ यायला लागल्यावर वाडीतल्या बऱ्याच जणांनी वरची नागली सोडून दिली. ठमीनं सोडली नाही. अनंता म्हणायचा, एवढ्या चढाला कशाला मरतेस? ती म्हणायची, मरते मी, खातोस तू.

दुसऱ्या मुलाच्या वेळी बाळंतपणात तिचं रक्त थांबेना. काकडी-भेंडी वाहून नेणाऱ्या जीपमधून तिला खाली मुरबाडला नेलं, आणि तिथून पुढं कल्याणला. तीन पिशव्या रक्त चढलं. शुद्धीवर आली तेव्हा उशाशी एक वयस्कर नर्स होती. तिनं कानाशी वाकून विचारलं, "माती खातेस का गं?" आवाजात राग नव्हता, हसू नव्हतं. ठमीनं आयुष्यात पहिल्यांदा हो म्हटलं. नर्सनं सांगितलं, अंगात रक्त कमी झालं की जीव माती मागतो, तुझा काय दोष? पण माती खाल्ली की रक्त आणखी कमी होतं, आणि मग जीव आणखी मागतो.

"तिसऱ्या वेळेला पण खाल्लीच की मी," ठमीनं मला हे सांगताना म्हटलं. "लगेच नाय सुटली. पण गोळ्या पण खाल्ल्या. मंग सुटली एक दिवस, कळलंच नाय कधी."

शिबिरानंतर तिनं एक गोष्ट सुरू केली. सकाळी लाकडाला जाताना आणि संध्याकाळी येताना ती लाल कडेपाशी थांबायची. कडेवर बोटांचे ओरखडे असतात, जुने काळपट पडलेले आणि नवे लालभडक. नवा दिसला की ती तिथंच दगडावर बसायची आणि येणाऱ्या बाईला हाक मारायची. रागवायची नाही. म्हणायची, चल गो, बोट दे, रगत बघू. दिवाळीपर्यंत तिच्याकडे अकरा नावं झाली. अकरांतल्या चार गरोदर, बाकीच्या अंगावर पाजणाऱ्या किंवा नुसत्याच फिकुटलेल्या. सगळ्यांचं रक्त दहाच्या खाली.

आणि दिवाळी झाली तसं पंचायतीनं ठरवलं की कडेला सिमेंटचं प्लास्टर मारायचं.

ठरवणारा रविंद्र, उपसरपंच. खालच्या गावातला कुणबी, कामाचा माणूस. व्हिडिओनं तो खरोखर पोळला होता. त्याच्या मुलीच्या सोयरिकीच्या बोलण्यांत पाहुण्यांनी तो विषय काढला होता. त्याच्या मते इलाज सोपा होता. माती झाका, लाज झाकली जाईल. आणि प्लास्टरचं काम मिळालं अनंताला.

सकाळी अनंता घमेलं, थापी, दोरी घेऊन कडेपाशी गेला तर ठमी आधीच कडेला पाठ लावून उभी. मी त्या दिवशी लसीकरणाला वाडीत आले होते, म्हणून हे डोळ्यांनी बघितलं.

"ठमे, बाजूला हो."

"नाय होत."

"पंचायतीचं काम हाय. मी नाय केलं तर दुसरा करंल."

"मंग दुसऱ्याला करू दे. तुझ्या हातानं नाय."

अनंताचा आवाज चढला. "बाजारात लोकं इचारतात मना, तुमच्या घरात भात शिजत नाय का म्हणून! किती दिवस ऐकू?"

"सांग त्यांना, शिजतो. आन माझ्या बायकोला तीन पिशव्या रगत चढवलं तवा मी दारात उभा होतो, ते पण सांग. ते का नाय सांगत?"

अनंतानं दोरी गुंडाळली. थापी घमेल्यात टाकली आणि घराकडे गेला. पुढं चार दिवस तो तिच्याशी बोलला नाही, स्वतःचं ताट स्वतः वाढून घेत होता. हे मला ठमीनंच सांगितलं, आणि सांगताना तिचा चेहरा उतरला होता. कडेपाशी उभं राहणं सोपं होतं, ती म्हणाली, घरात बसणं जड गेलं.

त्याच आठवड्यात ग्रामसभा झाली. रविंद्रनं विषय काढला.

"ठमे, तू आशा ना? मग मातीची बाजू कशी घेतेस?"

"आधी ठमीबाई म्हण, रविंद्रभाऊ. मी तुला भाऊ म्हणते." सभेत थोडी कुजबुज झाली. ठमी पुढं बोलत राहिली. "मातीची बाजू कोण घेतो? कड बंद केलीस तर बायका थांबतील का? चूल खरवडतील, भिंत खरवडतील, पोरांच्या दप्तरातला खडू खातील. दार लावून. मंग मी कुणाला कुठं शोधू? आता निदान उघड्यावर दिसतात. तुमाला लाज दिसते तिथं, मना आजारी बाई दिसते."

"म्हणजे असंच चालू ठेवायचं?"

"शिमग्यापर्यंत टाइम दे. अकरा जणी हायत. अकराच्या अकरांचं रगत दहाच्या वर नेते. नाय नेलं तर खुशाल मार प्लास्टर, मी सिमेंट कालवून देईन."

मी हळूच तिचा पदर ओढला. चार महिन्यांत अकराच्या अकरा जणी होणं कठीण आहे, हे मला माहीत होतं. तिनं माझ्याकडे न बघताच म्हटलं, "मना पण माहीत हाय, बाई."

रविंद्रनं सभेपुढं ही मुदत कबूल केली.

सगळ्यात अवघड घर रंजिताचं निघालं. शिबिरानंतर ती बाहेर पडेना. सहा पॉइंट आठला नुसत्या गोळ्या पुरत नाहीत, दवाखान्यात नेऊन शिरेतून लोह द्यावं लागतं. तिची सासू गोजर म्हणाली, आधीच तमाशा झाला, आता गाडीत बसवून गावभर मिरवायची का? ठमी रोज जायची. दार उघडायचं नाही. मग ती त्यांच्याच ओट्यावर बसून आपली नागली निवडायची. सुपातला फोलपाट उडून गोजरच्या अंगणात पडायचा. पाचव्या दिवशी गोजर बाहेर आली, ती भांडायलाच.

"आमी सगळ्यांनी खाल्ली ती माती! माझ्या सासूनं मना दिली, मी इला दिली. लाल माती खाल्ली की रगत लाल होतं. लोखंड हाय तिच्यात, तुझी नर्सबाईच म्हणते."

मीच म्हटलं होतं. लाल रंग लोखंडाचा असतो, हे मी कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं, आणि ते वाडीत असं फिरलं होतं. मी ठमीला नीट समजावलं की ते लोखंड गंजलेलं आहे, पोटात विरघळत नाही. उलट ती चिकण माती अन्नातलं आणि गोळीतलं लोहही धरून ठेवते आणि तसंच बाहेर नेते.

दुसऱ्या दिवशी ठमी ओट्यावर गंजलेला कोयता घेऊन गेली. "घे आते, चाट. लोखंडच हाय. किती रगत वाढतं बघू."

गोजर हसली, पण ऐकलं नाही. शेवटी ठमीनं जे विचारलं, ते विचारल्याचं तिला नंतर वाईट वाटलं.

"आते, तुझी किती झाली?"

"सात."

"राहिली किती?"

गोजरनं सूप आपल्याकडे ओढून घेतलं. तीन राहिली होती. मग उठली आणि आत जाताना म्हणाली, "उद्या ने तिला. मी पण येते."

लोहाच्या पाच बाटल्या लागल्या. प्रत्येक वेळी दवाखान्यात ठमी बरोबर होती. बाकीच्या दहाही जणींचं एकच चालू होतं. जंताची गोळी. मग रोजची लाल गोळी, जेवणानंतर, लिंबाच्या पाण्याबरोबर, आणि तिच्या मागं-पुढं चहा नाही. पायात चप्पल, कारण अनवाणी पायातून जंत शिरतात. माती सोडवतच नसेल तर निदान गोळीच्या वेळेपासून लांब खा, असंही ती सांगायची. हे मी कुठल्या प्रशिक्षणात ऐकलं नव्हतं. मी हरकत घेतली तर म्हणाली, "बाई, सोड म्हटलं की खोटं बोलतात. थोडी लांब खा म्हटलं की खरं सांगतात."

याच दिवसांत तिनं कृषी सहायकाला पकडलं. रितेश नाव त्याचं, वाशिंदचा मुलगा, मोटारसायकलवर येतो. तिनं त्याच्या हातात दोन पुड्या दिल्या. एकीत कडेची लाल माती, दुसरीत खाचरातली काळी.

"ही लाल कशाला? हिच्यात कोण पेरतंय?" त्यानं विचारलं.

"आमच्या बायकांच्या पोटात पेरतात."

रितेशनं दोन्ही पुड्या नेल्या. नेण्याआधी त्यानं कडेपाशी उभं राहून आम्हाला सांगितलं की हा सह्याद्री म्हणजे जमिनीतून उसळून पसरलेला तापलेला रस आहे, थरावर थर. एक थर निवला की हजारो वर्षं पाऊस-पाण्यानं त्याच्या वरची बाजू कुजून माती व्हायची. मग पुढचा थर यायचा आणि त्या मातीला विटेसारखी भाजून काढायचा. ती भाजलेली माती म्हणजे हा लाल पट्टा. ठमी म्हणाली, "तरीच. पाणी लागलं की भाजक्याचा वास येतो. त्या वासानंच जीव जातो बायकांचा."

दीड महिन्यानं अहवाल आला. दोन्हीत लोह भरपूर. पण खाचराच्या मातीत जस्त फारच कमी. ठमीच्या भाताला दोन वर्षं पानांवर तांबूस ठिपके येत होते, रोप खुरटत होतं, आणि ती युरिया वाढवत होती. रितेश म्हणाला, पाऊस इतका पडतो की बरंच काही धुपून जातं, आणि लोखंड तेवढं मागं राहतं. युरिया कमी करा, जस्त टाका.

"बघा बाई," ठमी अहवालाचा कागद माझ्यापुढं धरून म्हणाली, "भाताला पण तेच. हाय ते अंगी लागत नाय, लागतंय ते मिळत नाय. आन त्याला कोण अडाणी म्हणत नाय. त्याला औषध देतात."

शिमग्याच्या आधी आठ दिवस रंजिता बाळंत झाली. दवाखान्यात, सरळ, मुलगी, अडीच किलोच्या वर. रक्त चढवावं लागलं नाही. गोजरनं वाडीत गूळ वाटला, पण ठमीला तिच्या घरच्या ओट्यावर बसून वेगळा दिला.

मग मोजणी. मी यंत्र घेऊन शाळेत बसले, रविंद्र समोर बसला. आठ जणी दहाच्या वर होत्या. रंजिता नऊ पॉइंट आठ, कारण ती नुकतीच बाळंतीण. एक नऊ पॉइंट चार. आणि एक, मालू, माघातच नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर गेलेली, तिचा पत्ताच नाही.

"अकरा म्हणाली होतीस," रविंद्र म्हणाला.

"म्हणले होते. आठ झाल्या. मी हरले." ठमी उठली. "सिमेंट कधी येतंय?"

मला वाटलं रविंद्र सोडून देईल. बहुतेक त्यालाही तसंच वाटत होतं, कारण तो जरा घुटमळला. पण सभेत शब्द गेला होता. तेव्हा भिंतीला टेकून उभा असलेला अनंता पहिल्यांदा बोलला.

"मारतो मी प्लास्टर. पण सांगून ठेवतो. त्या लाल पट्ट्यातनं पाणी झिरपतं, आतनं. मागनं ढकलणार. आषाढात टिकायचं नाय. आन माझी बायको हरली-बिरली असंल, पण आठ बाया उभ्या केल्या तिनं. पंचायतीनं किती केल्या?"

ठमीनं खरंच सिमेंट कालवलं. दोन दिवस घमेली वाहिली. मी म्हटलं, कशाला स्वतःला त्रास करून घेतेस? ती म्हणाली, "शब्द मी दिला होता. मी नाय पाळला तर उद्या माझी गोळी कोण खाईल?" त्या दिवसांत नवरा-बायको एकमेकांशी नीट बोलत होते, हे मात्र मी पाहिलं. आषाढात प्लास्टरचे दोन मोठे पोपडे सुटून वाटेवर पडले. रविंद्रनं ते उचलून नेले आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

ठमी मात्र थांबलेली नाही. मालूचा पत्ता तिनं भट्टीच्या मुकादमाकडून काढला आणि तिथल्या आशेला फोन करून तिचं रक्त तपासायला लावलं. खाचरात यंदा जस्त टाकलंय.

आणि जूनच्या बैठकीत, मुरबाडला, सगळ्या आशांसमोर ती उठली. गरोदर बाईच्या फॉर्ममध्ये एवढे सगळे प्रश्न आहेत, त्यात एक वाढवा, असं तिनं मागितलं. माती खाते का, एवढाच.

तालुक्याचे साहेब म्हणाले, "फॉर्म वरून छापून येतो, बाई. आपल्या हातात नसतं."

"मंग मी समासात लिवते."

"समासात लिहू नका. कॉम्प्युटरवर चढत नाही."

"बाई चढते ना दवाखान्याची पायरी? कॉम्प्युटरचं तुमी बघा."

हशा पिकला. साहेबही हसले आणि पुढच्या विषयाकडे वळले. पण जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या भागातल्या दोन आशा तिच्याकडे आल्या. त्यांतली एक दबक्या आवाजात म्हणाली, "आमच्याकडं पण हाय गो, फक्त कोण बोलत नाय. तू इचारतेस कसं? म्हणजे पहिलं वाक्य काय बोलतेस?"

ठमीनं डब्यातली नागलीची भाकरी तिघींत मोडली. "पहिलं मी माझं सांगते," ती म्हणाली.

गेल्या आठवड्यात मला मुरबाडहून पत्र आलं. आपल्या आशेला समासात लिहिण्याबाबत समज द्यावी. या महिन्याचे फॉर्म माझ्या टेबलावर होते, बोरीच्या वाडीचे सहा, आणि सहाही फॉर्मांच्या समासात ठमीच्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत 'माती' पुढं हो किंवा नाय लिहिलेलं. मी प्रत्येकाखाली माझी सही केली आणि गठ्ठा होता तसा मुरबाडला पाठवून दिला.